ई-२० पेट्रोलवर कार आणि जुनी बाईक: बेळगाव–संकेश्वर रस्त्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल (ऊस-धान्यापासूनचं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल. त्यावर माझ्या कारचं ॲव्हरेज पाच-सहा टक्क्यांनी उतरलं, इंजिनाला काहीही झालं नाही. गावाकडच्या जुन्या बाईकला त्रास झाला, पण तो किरकोळ खर्चात मिटला. माझी तक्रार आहे ती पंपावरच्या दराबद्दल, आणि ती शेवटी सविस्तर मांडतो, कारण आमच्या घरातून ऊसही जातो आणि पेट्रोलही आम्हीच भरतो.

कार २०१८ ची, १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४ (आधीच्या प्रदूषण मानकाची). मी नोकरीला बेळगावात, शेती हुक्केरी तालुक्यात संकेश्वरजवळ. त्यामुळे बहुतेक शनिवार-रविवारी पुणे-बेंगळुरू हायवेवर काकतीवरून वंटमुरीचा घाट, हत्तरगी आणि मग गाव. बाईक आण्णांची, १०० सीसी, कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळायची जुनी पद्धत), २०१२ ची. ती शेतात, कारखान्यावर आणि संकेश्वरच्या बाजाराला फिरते.

ॲव्हरेजची नोंद कार घेतल्यापासून वहीत आहे. एकाच पंपावर, नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी फुल, आणि पुढच्या फुलपर्यंतचे किलोमीटर. डॅशबोर्डवरचा आकडा मी धरत नाही, तो बऱ्याचदा चढाच असतो. पूर्वी हायवेला १८ ते १८.५ मिळायचे, ई-२० आल्यावर १७ ते १७.५. शहरात, म्हणजे कॉलेज रोड, गोगटे सर्कल आणि रेल्वे गेटची गर्दी धरून, १४ चे १३ आणि थोडे वर. रस्ता तोच, माणूस तोच, टायर मध्ये बदलले पण त्याच मापाचे.

हा फरक हिशोबात बसतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणून शंभर टक्के पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि आधीच्या ई-१० च्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. उरलेला फरक जुन्या ट्यूनिंगचा असावा. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं की ई-० साठी बनवून ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर ६-७ टक्क्यांनी, तशाच दुचाकींचं ३-४ टक्क्यांनी घटेल. ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या गाडीत मात्र १-२ टक्केच. तेव्हा ‘ॲव्हरेज अर्ध्यावर आलं’ म्हणणाऱ्यांनी ब्रेक, टायरची हवा आणि स्पार्क प्लग एकदा बघून घ्यावेत. आणि ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांनी चार महिने वही ठेवावी.

एक चांगली गोष्टही नोंदवतो. इथेनॉलचा ऑक्टेन (वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता) जास्त, त्यामुळे भर उन्हाळ्यात चौघे बसवून, एसी लावून वंटमुरी घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये जी खडखड यायची ती जवळपास गेली. पिकअप कमी झाल्यासारखं मला वाटलं नाही. फ्युएल पंप, इंजेक्टर, पाईप सर्व्हिसिंगला उघडून बघायला लावले, सगळं जागच्या जागी.

बाईकची गोष्ट निराळी आहे आणि जुनी गाडी असणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. थंडीत सकाळी ती चोक ओढूनही लवकर चालू होईना, चालू झाली की मिसिंग मारायची, मग टाकीखाली पेट्रोलचा वास यायला लागला. मेस्त्रींनी कार्बोरेटरला हात लावण्याआधी पाईप काढला. ‘ह्यो बघा की, फुगून मऊ झालाय. जुन्या गाड्यांचं हेच व्हायलंय आता.’ फ्लोट चेंबरच्या रबरी रिंगचीही तीच गत. रबराचं वयही झालं होतं, म्हणून सगळा दोष इथेनॉलवर टाकणार नाही, पण जुनं रबर इथेनॉलपुढे टिकत नाही हे खरं.

मिसिंगचं कारण वेगळं. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंधन थोडं वाढवतो. कार्बोरेटरला हे कळण्याची सोय नाही, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, इंजिन जास्त तापतं आणि झटके देतं. मेस्त्रींनी एक नंबर मोठा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) टाकला, हवेचा स्क्रू जुळवला, पाईप इथेनॉल सोसणारा घातला. त्यानंतर गाडी सुतासारखी सरळ आहे.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला थर धरतात, आणि पेट्रोल सोडणारा कॉक तर टाकीच्या तळाशीच. आमच्याकडे जुलैत बाईक दोन-दोन आठवडे उभी असते. आता आण्णा उभी करायच्या आधी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतात, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. टाकीच्या झाकणाचं रबरही बदललं. खानापूर, जांबोटीकडच्या धो धो पावसात राहणाऱ्यांनी हे करायलाच हवं.

सीमेवर एक समज फार पसरला आहे की कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात कागलला भरलं तर ‘चांगलं’ पेट्रोल मिळतं. निपाणी, चिकोडीचे कितीतरी जण मला हे सांगतात. मिश्रण तेल कंपन्यांच्या डेपोत होतं आणि धोरण केंद्राचं आहे. राज्य बदललं की कर बदलतो, इथेनॉल तेवढंच राहतं. मी दोन्हीकडचं भरून पाहिलं, वहीत फरक दिसत नाही.

तेल वाचवायचंच असेल तर माझ्या वहीत सर्वांत मोठा आकडा इथेनॉलचा नाही. हायवेला १०० च्या जागी ८० ने चालवायला लागलो आणि ॲव्हरेज जेवढं उतरलं होतं त्याहून जास्त परत आलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्याचा हा परिणाम. गावाला पोचायला सात-आठ मिनिटं जास्त लागतात. दुसरं, जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस मोफत झाली. बायको आता गावी एकटी जाते तेव्हा बसनेच जाते आणि त्या दिवशी कार घरीच असते. तेवढं पेट्रोल तर जाळलंच जात नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. ते कमी करायचं तर वेळेवर येणारी बस हेही तितकंच मोठं धोरण आहे, आणि त्याकडे इथेनॉलइतकं लक्ष दिलं जावं असं मला मनापासून वाटतं.

आता उसाकडे. मळीपासून, बी-हेवी मळीपासून (जिच्यात थोडी साखर अजून शिल्लक असते) आणि थेट रसापासून इथेनॉल होतं. एक टन उसाच्या रसातून सुमारे ७० लिटर. आमच्या जिल्ह्यात कारखान्यांशेजारी डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या, आणि साखरेला उठाव नसतानाही कारखान्याकडे रोख पैसा येऊ लागला हे चांगलंच झालं. पण हे सगळं पावसावर उभं आहे. २०२३ ला पाऊस हुकला, साखर कमी पडेल या भीतीने डिसेंबरात केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं घातली, ती ऑगस्ट २०२४ अखेरीस उठली. हिडकल धरणातलं पाणी आमच्या उसालाही लागतं आणि बेळगाव शहराच्या नळालाही. नीती आयोगाच्याच अंदाजाप्रमाणे उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे २८६० लिटर पाणी जातं. वाढीव इथेनॉलसाठी वाढीव ऊस, हे गणित आमच्या तालुक्यात मला पटत नाही. ठिबक सगळीकडे झाल्याशिवाय तर नाहीच.

आणि दर. नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊस शेतकरी टनाला ३५०० रुपयांसाठी बसले, तोडगा ३३०० वर निघाला. इथेनॉलच्या पैशातला वाटा उसाच्या दरात स्पष्ट दिसावा ही त्यांची मागणी रास्त आहे. पंपावरचंही तसंच. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात म्हटलं होतं की ऊर्जा कमी असल्यामुळे मिश्र इंधनाची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावी. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की इथेनॉलची सरासरी खरेदी वाहतूक आणि जीएसटीसह लिटरला ७१.३२ रुपये पडते, म्हणजे ते आता स्वस्त राहिलेलं नाही. मान्य. मग ती सूट करातून द्यावी. ब्राझीलमध्ये इथेनॉल आणि पेट्रोल पंपावर वेगवेगळं मिळतं, आणि इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच लोक ते भरतात. आपल्याकडे तशी निवड नाही, आणि इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. तेव्हा निदान नोझलवर टक्केवारी ठळक लिहावी आणि लिटरमागे ऊर्जेच्या प्रमाणात दर उतरवावा. माझ्या कारला हे पाच-सहा टक्के म्हणजे शंभर रुपयांच्या पेट्रोलमागे पाच-सहा रुपये. हायवेला भाडं मारणाऱ्या टॅक्सीवाल्यासाठी महिन्याला ती बरीच मोठी रक्कम होते.

२०२३ नंतरची कार असेल तर निर्धास्त भरा. त्याआधीची इंजेक्शनची असेल तर सर्व्हिसिंगला फ्युएल पाईप आणि रिंगा बघायला सांगा. कार्बोरेटरची असेल तर पावसाळ्याआधी पाईप, रिंग, झाकणाचं रबर बदला आणि जेटचं तुमच्या मेस्त्रींना विचारा.