टेनेसी की जॉर्जिया: प्रकल्पासाठी कोणतं राज्य घ्यावं?

अमेरिकेच्या दक्षिणेतली स्त्री-मताधिकाराची चळवळ हा विषय ठरलाय, पण राज्य कोणतं यावर घोडं अडलंय, अशांसाठी.

मांडायला सोपं टेनेसी. ऑगस्ट १९२०, राजधानी नॅशव्हिल. विधिमंडळापुढे प्रश्न एकच: स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीला मान्यता द्यायची का? समर्थकांचे पिवळे गुलाब, विरोधकांचे लाल. प्रस्ताव बाजूला सारायचा की नाही, यावर ४८-४८ अशी बरोबरी. मग १८ ऑगस्टला, छातीवर लाल गुलाब आणि खिशात ‘बाजूने मत दे’ असं सांगणारं आईचं पत्र असलेल्या २४ वर्षांच्या आमदार हॅरी बर्नने दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं. दुरुस्ती देशभर लागू व्हायला हवं असलेलं छत्तिसावं राज्य मिळालं. चूक होते ती इथेच: सगळं श्रेय त्या पत्राला जातं. तिथल्या स्त्रियांनी १९१९ मध्येच अध्यक्षीय आणि नगरपालिका निवडणुकांतला मताधिकार मिळवला होता, ते राहून जातं.

जॉर्जियाला असा एक दिवस नाही. जुलै १९१९ मध्ये दुरुस्ती फेटाळली, मान्यता थेट १९७० मध्ये. नोव्हेंबर १९२० मध्ये तिथल्या स्त्रियांना मतच देता आलं नाही. नोंदणी सहा महिने आधी हवी होती आणि दुरुस्ती लागू झाली ऑगस्टअखेर. मताधिकारासाठी झटलेल्या रिबेका फेल्टन १९२२ मध्ये एका दिवसापुरत्या का होईना, देशातल्या पहिल्या स्त्री सिनेटर झाल्या; कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्यांचं उघड समर्थनही त्यांनीच केलं. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाटेत नंतरही मतदान-कर आणि फक्त गोऱ्यांच्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुका होत्याच.

दहा मिनिटांचं सादरीकरण असेल तर टेनेसी. प्रबंध लिहायचाय, वर्ण आणि लिंग एकत्र तपासायचंय, तर जॉर्जिया. वेळ मात्र दुप्पट धरा.