सायन्स म्युझियम, लंडन: तळमजल्यावरचं १७८८चं इंजिन चुकवू नका

साउथ केन्सिंग्टनला उतरून भुयारी वाटेनं म्युझियमला आलेली आपली माणसं तडक विमानं नि अंतराळयानं बघायला पळतात. माझं ऐका, आधी तळमजल्यावरच्या एनर्जी हॉलमध्ये थांबा. मी मुंबईच्या गिरणीत फिटर होतो. शाफ्ट, पट्टे, बेअरिंगं यांतच सगळी नोकरी सरली. मुलाकडे आलोय, आणि या एका हॉलसाठी मी पाच तारे देतोय.

खरं बघायचं ते बोल्टन आणि वॉट कंपनीचं ‘लॅप इंजिन’. बर्मिंगहॅममधल्या बोल्टनच्या सोहो कारखान्यात धातूच्या मालाला पॉलिश करणारी ४३ यंत्रं या एकट्यानं चालवली, तीही ७० वर्षं. त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत वाफेचं इंजिन म्हणजे खाणीतलं पाणी उपसणारा पंप. दांडा वर, दांडा खाली, बस्स. कारखान्याला हवा असतो फिरणारा शाफ्ट, म्हणजे यंत्रं फिरवणारा लांब आस.

आता तुम्ही म्हणाल, क्रँक, म्हणजे वर-खाली हालचालीचं फिरणं करणारा वाकडा दांडा लावायचा, त्यात काय? पण इंजिनाला क्रँक जोडण्याचं पेटंट १७८०मध्ये जेम्स पिकार्डनं घेऊन ठेवलेलं. मग वॉटच्या हाताखालच्या विल्यम मर्डॉकनं वळसा काढला आणि १७८१मध्ये वॉटनं त्याचं पेटंट घेतलं. बीमला, म्हणजे वरच्या डोलत्या तुळईला, लोंबणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक दातेरी चाक घट्ट बसवलेलं आहे. ते स्वतःच्या आसावर फिरतच नाही, नुसतं शाफ्टवरच्या दुसऱ्या चाकाभोवती प्रदक्षिणा घालतं. त्याला ग्रह म्हणायचं, मधल्याला सूर्य. दोन्हींचे दाते सारखे असले, तर ग्रहाच्या एका प्रदक्षिणेत सूर्याचे दोन फेरे होतात! म्हणजे पेटंट चुकवता चुकवता शाफ्टचा वेगही दुप्पट मिळाला. आम्ही गेलो तेव्हा इंजिन थांबलेलं होतं, त्यामुळे मी बोटानं हवेत चाकं फिरवून हिशोब ताडून पाहिला. सून जरा लांब जाऊन उभी राहिली.

मग मान वर करून पिस्टनच्या दांड्याची जोडणी बघा. वाफ पिस्टनला दोन्ही बाजूंनी ढकलते, त्यामुळे दांडा बीमला जोडणारी जुन्या पद्धतीची साखळी चालत नाही. साखळी ओढते, ढकलत नाही. बीमचं टोक कमानीत फिरतं, दांडा मात्र सरळच गेला पाहिजे. त्यासाठी १७८४ची ही पट्ट्यांची चौकट. वॉटला स्वतःच्या कामात सगळ्यात अभिमान हिचा होता, आणि फिटर म्हणून माझंही मत तिलाच. शेजारी दोन गोळ्यांचा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग आहे. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि वाफेची झडप आवळली जाते. पवनचक्कीतून उचललेली युक्ती.

असली फिरती इंजिनं ब्रुअरीत, पिठाच्या गिरण्यांत, सूतगिरण्यांत गेली. ब्रुअरीत आधी घोडे जुंपत, म्हणून तर इंजिनाचं मोल घोड्यांत सांगायची पद्धत रुळली.

त्याच हॉलमधलं लाल रंगाचं मोठं धूड म्हणजे बर्नलीजवळच्या हार्ल साइक गिरणीचं १९०३चं इंजिन. ७०० हॉर्सपॉवर, १७०० माग! काही दिवशी ते खऱ्या वाफेवर चालवतात. कधी, ते आधी विचारून जा. परळ-लालबागच्या ज्या घरांत कुणी लूम खात्यात होतं, त्यांनी तर हे बघायलाच हवं. मुंबईची पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५६मध्ये सुरू झाली ती वाफेवरच.

प्रवेश फुकट आहे, पण वेळ ऑनलाइन नोंदवून ठेवलेली बरी. लहान मुलं बरोबर असतील तर सकाळी पहिल्यांदा हाच हॉल करा. एकदा वरच्या मजल्यांवर गेली की ती पुन्हा इथे फिरकत नाहीत.