एक जागा, तीन हत्यारे : कोफ्तगिरी, निकेल की निळी झिलई?

दारव्हा तालुक्यातील एका स्नेह्यांना जुन्या, वेगळ्या झिलईच्या पिस्तुलांचा संग्रह सुरू करायचा आहे आणि सध्या त्यांच्यापुढे तीन वस्तू आहेत. पहिली अचलपूरकडच्या एका देशमुखी वाड्यातली, नळीवर सोन्या-चांदीची कोफ्तगिरी (तार ठोकून केलेली नक्षी) असलेली ठासणीची पिस्तूल. दुसरी भंडारा जिल्ह्यातल्या एका जुन्या मालगुजार घराण्याकडची, निकेलचा मुलामा दिलेली स्मिथ अँड वेसनची .32 रिव्हॉल्व्हर. तिसरी अमरावतीच्या एका निवृत्त गृहस्थांच्या परवान्यावरची, निळ्या झिलईची कोल्ट 1903 पिस्तूल. त्यांच्या नावावर वडिलांकडून आलेली बारा बोअरची बंदूक आधीच आहे, आणि रानडुकरांमुळे ती सोडण्याची त्यांची तयारी नाही. शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली असून वारसाने आलेली शस्त्रेही त्याच मर्यादेत मोजली जातात. म्हणजे त्यांच्याकडे जागा एकच उरते, आणि पुढचा सगळा विचार त्या एका जागेचा आहे.

जुनी वस्तू म्हणजे परवान्याची गरज नाही, हा गैरसमज आपल्याकडे इतका पक्का आहे की आधी त्याबद्दल बोलणे भाग आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45(क) मध्ये सूट आहे, पण ती कालबाह्य घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या अशा हत्यारांना आहे, जी दुरुस्ती करून अथवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरताच येत नाहीत. घोडा पडतो, नळी शाबूत आहे, दारू पेटवणारी टोपी बसते, अशी दीडशे वर्षांपूर्वीची ठासणीची पिस्तूलही त्यामुळे परवान्याखालीच येते. वस्तू जितकी सुस्थितीत, तितकी सूट मिळण्याची शक्यता कमी, हे संग्राहकाला विचित्र वाटते खरे. याउलट 9 मिमी लुगरसारख्या पिस्तुलाचा विचार सामान्य नागरिकाने करूच नये, कारण तो प्रतिबंधित बोअर (नळीचे आतले माप) आहे. .32 चा बोअर मात्र साध्या परवान्यात बसतो.

आता झिलईकडे येतो. कोफ्तगिरीत लोखंडाच्या पृष्ठभागावर छिन्नीने अतिशय बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी कोरतात, त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवतात आणि शेवटी घोटतात. तहनिशान या प्रकारात खोल चर खोदून त्यात धातू भरला जातो. तो जास्त टिकतो आणि त्याला खर्चही जास्त येतो. कोफ्तगिरीचा थर मुळात वरवरचा असल्यामुळे घासून चमकवण्याचा प्रत्येक प्रयत्न तो थोडा थोडा उचलून नेतो. सोने गंजत नाही, परंतु त्याखालचे लोखंड गंजते, आणि गंज फुगला की तार सुटते.

ही कला उदयपूरकडे आजही जिवंत आहे, ही आनंदाची गोष्ट असली तरी घेणाऱ्याची अडचण नेमकी तीच आहे. जुन्या, साध्या नळीवर नवे नक्षीकाम चढवून ते खानदानी म्हणून विकता येते. ओळखण्याचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग असा, की दहापट भिंगाखाली गंजाचे खड्डे शोधावेत आणि सोने त्या खड्ड्यांशी कसे वागते ते पाहावे. खड्ड्याच्या कडेशी तार तुटलेली असेल, तर गंज नक्षीनंतर लागला आहे. तार खड्ड्यात उतरून पलीकडे चढत असेल, तर गंज आधीचा आणि नक्षी नंतरची. तसेच जिथे सोने झिजले आहे तिथे खालच्या जाळीच्या रेघा बोथट, काळपट व मळाने भरलेल्या दिसायला हव्यात; त्या ताज्या, धारदार आणि चकचकीत असतील तर हात जोडून परत यावे. पिस्तुलाच्या कळीच्या (घोड्याच्या यंत्रणेच्या) पट्टीवर ईस्ट इंडिया कंपनीचा उभा सिंह असेल, तर ती पट्टी 1808 नंतरची. कंपनीची लष्करी पिस्तुले साधी असत, त्यामुळे त्यांवरची कोफ्तगिरी कंपनीची नसून पुढच्या मालकाची किंवा दुकानदाराची असते. मालकाने हौसेने करवून घेतलेली असेल तर तिला स्वतःचे मूल्य आहे. दुकानदाराने केलेली असेल तर नाही, आणि फरक पुन्हा भिंगानेच कळतो.

निकेलबद्दल मला थोडक्यात सांगता येईल. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या, वरून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये सगळे शरीर निकेलचे असले तरी चापाभोवतीची कडी निळी ठेवलेली असे, आणि घोडा-चाप यांवर पोलाद कडक करताना उमटणारे मिश्र रंग असत. भंडाऱ्याच्या वस्तूची छायाचित्रे मी पाहिली. तिची कडीसुद्धा आरशासारखी पांढरी आहे. म्हणजे मुलामा पुन्हा दिलेला आहे. शिवाय छटा निळसर पांढरी दिसते, आणि निकेलची छटा किंचित पिवळसर, उबदार असते. निळसर पांढरा रंग क्रोमचा असतो, आणि क्रोमचा मुलामा 1920 च्या दशकाआधी बाजारात नव्हताच. आमच्याच घरी आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचे एका बफिंगवाल्याने असेच केले होते. तो प्रामाणिक माणूस होता, त्याने मनापासून घासले, आणि नळीवरची कंपनीची अक्षरे विभूतीच्या पट्ट्यांइतकी पुसट करून परत दिली. तेव्हा ही दुसरी वस्तू यादीतून काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोल्ट 1903 हा खरा प्रतिस्पर्धी आहे. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगची रचना, 1903 ते 1945 एवढे दीर्घ उत्पादन, आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या नगांवरची ती खोल, किंचित काळसर निळाई. ही झिलई म्हणजे वरून दिलेला रंग नव्हे. पोलाद आधी आरशासारखे घासून मग भट्टीत कोळसा व तेलाच्या धुरात तापवले जाई, त्यातून पृष्ठभागावर लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होई. तो इतका पातळ असतो की खिशात ठेवल्यानेही नळीच्या टोकाशी आणि मुठीच्या पुढच्या कडेला उडतो. अशा ठिकाणी झिजलेली निळाई मला आवडते, कारण ती कुठे झिजावी हे हात ठरवतो, आणि खोटी झीज नेमकी तिथे क्वचितच जमते. नंतरच्या काळात क्षारांच्या गरम द्रावणात केलेली निळाई जास्त काळी व एकसारखी दिसते. दुबार झिलई ओळखायची असेल तर मागच्या पायांवर उभ्या असलेल्या घोड्याच्या खुणेची कड, स्क्रूच्या छिद्रांचे काठ आणि सपाट बाजूंच्या धारा पाहाव्यात. बफने गेलेल्या वस्तूत छिद्रांचे काठ बशीसारखे खोलगट होतात. अमरावतीच्या नगात या तिन्ही गोष्टी शाबूत आहेत, निळाई अंदाजे सत्तर टक्के उरली आहे, आणि काडतुसेही देशात मिळतात. सर्वसाधारण नागरिकांसाठी शस्त्रांची आयात 1980 च्या दशकापासून बंद असल्यामुळे असे नग फक्त एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणून किंमत अमेरिकेतल्या किमतीशी जुळत नाही. ती मागणाऱ्याच्या मर्जीवर असते.

कागदावर कोल्ट जिंकते. पण हा संग्रह मुंबईच्या वातानुकूलित खोलीत राहणार नाही, तो दारव्ह्याजवळच्या गावी राहणार आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, लाकडी मूठ आक्रसते, आणि आषाढात तीच फुगते. पोलादाला उन्हाचे काही वाटत नाही. त्याला घरातल्या इतर गोष्टी मारतात. ज्या खोलीत युरिया व पोटॅशची पोती ठेवली आहेत किंवा विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आहे, तिथे निळी झिलई एक पावसाळाही नीट काढत नाही, कारण क्षार आणि क्लोरिन या दोघांना ती अजिबात तोंड देऊ शकत नाही. चामड्याच्या म्यानात तर काहीच ठेवू नये. जवसाचे तेल आपल्याकडे सहज मिळते, ते लाकडी दस्त्याला उत्तम, पण धातूवर सुकून चिकट कातडी धरते. आणि दसरा! शस्त्रपूजेला हळद-कुंकवाचे ओले बोट नेमके नळीवर टेकते, झेंडूची ओली फुले रात्रभर तिथेच राहतात, आणि सकाळी उठून पाहावे तर फुलाच्या आकाराचा तांबूस डाग. पूजा करू नये असे मी म्हणणार नाही. पाटावर कापड घालून कुंकू कापडाला लावावे.

त्याहून मोठा धोका निवडणुकीचा. आचारसंहितेच्या काळात परवान्यावरची शस्त्रे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याचे आदेश निघतात, आणि लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद अशा एकामागून एक निवडणुका आल्या की वस्तू घरापेक्षा तिथेच जास्त राहते. एकदा माझी स्वतःची वस्तू ओल्या गोणपाटाशेजारून परत आली आणि एका बाजूची निळाई गेली. पोलिसांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांच्यासाठी ते नंबर घातलेले लोखंड असते. तेलाने माखून सुती कापडात व वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून द्यावे, एवढेच आपल्या हातात.

इथे अचलपूरच्या पिस्तुलाकडे पुन्हा पाहावे लागते. स्नेह्यांनी तिचा दोष म्हणून सांगितले होते, की नळीच्या मुळाशी लांब तडा आहे, टोपी बसवण्याचा भाग गायब आहे आणि घोड्याची आतली यंत्रणा गंजून एकजीव झाली आहे. नक्षी मात्र मुख्यतः शाबूत आहे, आणि छायाचित्रांत तरी खड्ड्यांच्या कडेशी तार तुटलेलीच दिसते. ज्याला चालवण्यासाठी नव्हे, तर केवळ झिलईसाठी हत्यार हवे आहे, त्याच्या दृष्टीने तो तडा हाच तिचा मोठा गुण आहे. ती कलम 45(क) मध्ये बसण्याची खरी शक्यता आहे, आणि बसली तर एकमेव जागा वापरली जाणार नाही, निवडणुकीत जमा करावी लागणार नाही, आणि कोल्टचा मार्गही मोकळा राहील.

अट एकच, ती बसते की नाही हे स्नेह्यांनी किंवा विकणाऱ्याने ठरवायचे नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे छायाचित्रांसह अर्ज करून तपासणीनंतरचे उत्तर लेखी घ्यावे, आणि ते हातात येईपर्यंत वस्तू वाड्यातून हलवू नये. सूट मिळावी म्हणून चांगल्या नळीला भोक पाडणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांनी वस्तूही घालवली आणि सूटही पक्की झाली नाही. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते, त्यामुळे ती परदेशी धाडता येणार नाही. 1920 च्या आधीची कोल्टही आता त्याच वयात पोचली आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

उत्तर नकारार्थी आले, तर मात्र एकमेव जागा कोल्टला द्यावी. त्यासाठीचा हस्तांतरणाचा अर्ज करण्याआधी युरियाची पोती गोठ्याशेजारच्या खोलीत हलवावीत, असे मी त्यांना कळवले आहे.