फुकट ई-पुस्तकं: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

सुरुवात ज्या ॲपवर केली त्याचं नाव घेत नाही. तसली ढीगभर आहेत आणि सगळी एकाच माळेचे मणी. पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांच्या साइटवरची, म्हणजे मुळातच मोफत. यांनी वर जाहिराती चढवल्या आणि त्या काढायला वर्गणी ठेवली. तेही चालवून घेतलं. पण एका अपडेटनंतर माझी सगळी टिपणं कुलूपबंद. बघायची तर वर्गणी भरा. कस्टमर केअरला लिहिलं, तर म्हणे कॅशे क्लीअर करा. केलं. परत लिहिलं, परत कॅशे. स्क्रीनशॉट पाठवले, तर तक्रार 'निकाली' काढून बंद. फुकट पुस्तकातली माझीच टिपणं मी विकत घ्यायची? नाही म्हणजे नाही.

ॲप उडवलं आणि थेट मूळ साइटवरून ईपब (ई-पुस्तकाची फाइल) उतरवायला लागलो. गुटेनबर्ग १९७१पासून चालू आहे, पुस्तकं ७० हजारांच्या वर, आणि लॉगिनसुद्धा मागत नाहीत. पुस्तकं सांभाळायला संगणकावर कॅलिबर, वाचायला फोनवर केओरीडर, दोन्ही फुकट. केओरीडर खुणा आणि टिपणं पुस्तकाच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये ठेवतो. फोल्डर उचलून दुसरीकडे टाकला की झालं, कुणाची परवानगी नको.

आता खरं दुखणं. जे पुस्तक गुटेनबर्गवर नसतं त्याची स्कॅनवरून यंत्राने आपोआप बनवलेली ईपब सापडते. दिसायला छान, आकाराने हलकी. वाचायला घ्या आणि बघा. नायक दार उघडतो आणि दारात उभं असतं प्रकरणाचं शीर्षक आणि पान क्रमांक १४३. छापील पानाच्या डोक्यावरची ती ओळ गोष्टीचा भाग नाही हे ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या यंत्रणेला, कोण सांगणार? ईपबमध्ये पान मोडतं, मजकूर सलग वाहतो, आणि ती ओळ ऐन वाक्यात अडकून बसते. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द तुटलेलेच राहतात. इंग्रजीत 'मॉडर्न'चं 'मोडेम' होतं, कारण आर आणि एन चिकटले की यंत्राला एम दिसतो.

कॅलिबरमध्ये शोधा-आणि-बदला लावून ही शीर्षकं काढता येतील असं वाटेल. डाव्या पानावर पुस्तकाचं नाव, उजव्यावर प्रकरणाचं, आणि प्रत्येक ठिकाणी ओसीआरने ते वेगळं वाचलेलं. एक नमुना लावला की दहा सुटतात. सैल नमुना लावला की खरा मजकूरही उडतो. अख्खी संध्याकाळ यात घालवली, आणि पुस्तकही काही फार ग्रेट नव्हतं.

म्हणून आता आधी गुटेनबर्ग बघतो, मग स्टँडर्ड ईबुक्स, म्हणजे तशीच मोफत पुस्तकं नीटनेटकी करून देणारी साइट. गुटेनबर्गची बरीच पुस्तकं डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्सकडून येतात. २०००पासून तिथे स्वयंसेवक एकेक पान स्कॅनशी ताडून तपासतात, तेही अनेक फेऱ्यांत वेगवेगळी माणसं, आणि ती डोक्यावरची ओळ तिथेच छाटली जाते. एका पुस्तकात चुकीचा शब्द दिसला म्हणून कळवलं, तर फाइल खरंच दुरुस्त झाली. पैसे मागणाऱ्यांकडे 'कॅशे क्लीअर', आणि इथे फुकटात काम!

इथवर माझं मत पक्कं होतं: स्कॅन पीडीएफला हात लावायचा नाही. जुनी मराठी पुस्तकं शोधायला लागलो आणि ते बदललं. देवनागरीचं ओसीआर अजून घ-ध, भ-म यांत अडखळतं, अनुस्वार गिळतं, जोडाक्षरं फोडतं. त्यापेक्षा पिवळट स्कॅन बरा, निदान लेखकाने लिहिलं तेच दिसतं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफची तऱ्हा आणखी वेगळी. पडद्यावर शुद्ध मराठी, पण एखादं वाक्य कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, रोमन अक्षरांचा काला बाहेर येतो. मजकुरात शोध चालतच नाही.

मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात स्कॅन आणि मजकूर शेजारी-शेजारी असतात. पिवळं पान म्हणजे एकदा तपासलेलं, हिरवं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासलेलं. पुस्तक निवडताना मी आधी हिरवं किती आहे ते बघतो. नसेल तर स्कॅनच, फोन आडवा धरून, केओरीडरमध्ये कडा कापून. समास गेले की अक्षर बऱ्यापैकी मोठं होतं.

इंटरनेट अर्काइव्ह या स्कॅन पुस्तकांच्या ऑनलाइन भांडाराबद्दल एवढंच: कॉपीराइट संपलेलं काही दिसलं तर 'नंतर बघू' म्हणू नका, लगेच उतरवून ठेवा. ऑक्टोबर २०२४मध्ये सायबर हल्ल्यानंतर साइट काही दिवस बंदच होती. तिथे ठरावीक वेळेपुरती उसनी मिळणाऱ्या पुस्तकांचं तर आणखी बेभरवशाचं. या उसनवारीविरुद्धचा खटला प्रकाशकांनी जिंकला, सप्टेंबर २०२४मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला, आणि पाच लाखांवर पुस्तकं उसनवारीतून गेली. उरलेल्यांतली काही १४ दिवसांसाठी मिळतात, बरीच एका तासासाठी. एका तासात संदर्भ बघून होतो, कादंबरी नाही.