सोसायटीत ठेवलेलं 'मुलं आणि व्यसन' सेशन : ५ पैकी साडेतीन

पुण्यात कर्वेनगरात आमची सोसायटी आणि शेजारचं गणपती मंडळ मिळून एका संस्थेला बोलावलं होतं, आठवी ते बारावीची पोरं आणि त्यांचे आईबाप, दोघांसाठी. फी नाही, स्वेच्छेने काय द्यायचं ते द्या म्हणाले, चहा-वडापाव मंडळाकडून. आमच्याकडेही ठेवू का असं बरेच जण विचारतायत म्हणून लिहितोय.

आधी बोअर झालं ते सांगतो. सुरुवातीला नुसत्या स्लाइड्स, काळं फुफ्फुस, सडलेलं लिव्हर, तोंडाचा कॅन्सर. अहो, असले फोटो पोरं सिगरेटच्या पाकिटावर रोज बघतात! मागच्या रांगेतला एक जण म्हणालाच, 'हे तर टपरीवर फुकट दिसतं.' मधेच प्रोजेक्टर बंद पडला, बरंच झालं.

पण त्यानंतरचा भाग एक नंबर. पोरांच्या जोड्या लावल्या, एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने टाळायचं. सीन काय, तर थर्टी फर्स्ट, मित्राची गच्ची, सगळे घेतायत. आधी सगळे 'नको, आरोग्याला घातक असतं' टाइप बोलायला लागले, हॉलभर खसखस. मग सेशन घेणाऱ्या ताई म्हणाल्या, भाषण नको, छोटं बोला, विषय बदला, सटका. शेवटी नववीतल्या एका मुलीने 'माझी आई दारातच तोंडाचा वास घेते रे, तू घे, मला वेफर्स दे' असं फेकलं आणि समोरचा गप्पच. असं एक वाक्य तोंडात बसलेलं असलं की ऐन वेळी बाहेर पडतं, लिव्हर कुणाला आठवणारे तिथे.

पालकांना वेगळं बसवलं होतं. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शेचा अपघात झाला (अल्पवयीन मुलगा दारू पिऊन चालवत होता असा आरोप) तेव्हा हीच मंडळी ग्रुपवर तावातावाने लिहीत होती, पण महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं हे निम्म्यांना माहीतच नव्हतं. एक काका म्हणे, घरी माझ्यासमोर एक ग्लास बिअर घेतली पोराने तर काय बिघडलं? त्यांना २०१५ च्या बाल न्याय कायद्यातलं कलम ७७ वाचून दाखवलं, १८ च्या आतल्या मुलाला दारू, तंबाखू, ड्रग्ज देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. काकांनी लगेच चहा कुठेय विचारलं.

वेप (म्हणजे ई-सिगरेट) हातात दिला असता तरी मी ओळखला नसता, पेनड्राइव्हच वाटतो, फळांचा वास येतो, आणि २०१९ पासून बंदी असून मिळतो.

खरा फायदा नंतर दिसला. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकता येत नाही हे ऐकून मंडळाची पोरं टेप घेऊन गेटपासून टपरीपर्यंत मोजायला गेली (मोजणाऱ्यातल्या एकाच्या गालात मावा होता, असो). आता तिथे चहा-क्रीमरोलच मिळतो, निदान शाळा सुटेपर्यंत तरी.

दीड स्टार कापला तो स्लाइड्स आणि फॉलो-अपसाठी, परत येतो म्हणाले, आले नाहीत. आणि घरात प्रकरण पुढे गेलेलं असेल तर असल्या सेशनच्या भरवशावर बसू नका, येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, आणि १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे.

बुक करताना आधीच सांगा, स्लाइड्स नकोत, जोड्यांवाला भाग डबल करा. आणि रविवारी मॅच असेल तर ठेवूच नका, बाप लोक येत नाहीत.