स्वस्तातला ओबीडी डोंगल आणि गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी गाडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

घ्यावा की नाही? घ्यावा. पण फक्त एरर कोड वाचायला घेणार असाल तर अर्धेच पैसे वसूल होतील. ओबीडी म्हणजे गाडीच्या संगणकाची स्वतःची तपासणी, आणि तिची माहिती मोबाइलवरच्या ॲपमध्ये दाखवणारा छोटा अडॅप्टर म्हणजे हा डोंगल. हजार रुपयांच्या आत मिळणाऱ्या या ब्लूटूथ डोंगलची खरी किंमत कळते ती गाडी रस्त्याकडेला रुसून उभी असताना.

माझी गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक. गाव कराडकडे, त्यामुळे पुण्याहून जाताना खंबाटकी घाट चुकत नाही. दुखणं असं, की गार असताना एका सेल्फमध्ये चालू. तासभर चालली, इंजिन तापलं, की एकदम गप्प. धक्के नाहीत, अडखळणं नाही. सेल्फ झकास फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास चहा प्यायचा, की बाईसाहेब पुन्हा तयार. गॅरेजमध्ये नेली की अर्थातच ठणठणीत. एका गॅरेजने पेट्रोलची मोटर बदलली, दुसऱ्याने प्लग आणि कॉइल. बिलं झाली, दुखणं तसंच.

डोंगल लावायचं 16 पिनांचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असतं. भारतात ओबीडी-2 बंधनकारक झालं एप्रिल 2013 पासून, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत सॉकेट दिसलं तरी डोंगलशी बोलणं जमेलच असं नाही. माझीचं जमतं, पण के-लाइन या जुन्या, एका तारेच्या जोडणीवरून, म्हणजे सावकाश. ॲपमध्ये हौसेने दहा मीटर मांडले तर सगळेच रखडतात. मी तीनच ठेवतो: आरपीएम, कूलंटचं तापमान आणि व्होल्टेज.

गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा या तिघांनीच काम केलं. तापमान नेहमीएवढंच, म्हणजे ओव्हरहीट नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज दहाच्या वर, म्हणजे बॅटरी बरी. आणि आरपीएम शून्य! स्टार्टर इंजिन फिरवत असताना तिथे साधारण दोनशे-तीनशे दिसायला हवेत. शून्य याचा अर्थ इंजिन फिरतंय हेच ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळत नाही, मग तो प्लगला करंट देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. बोट सरळ क्रँक सेन्सरकडे, म्हणजे इंजिनचं फिरणं टिपणाऱ्या सेन्सरकडे जातं. त्याच्या आतली तारेची गुंडाळी तापली की सांधा सुटतो, गार झाली की पुन्हा जुळतो. चहाच्या अर्ध्या तासाचं कोडं इथे सुटलं.

एक खबरदारी मात्र घ्या. गार इंजिनवर हीच चाचणी आधी करून ठेवा. काही गाड्यांत सेल्फच्या झटक्याला डोंगलचं कनेक्शनच तुटतं, आणि मग दिसणारा शून्य खोटा असतो. माझ्या गाडीत गार असताना आकडा नीट यायचा, म्हणून गरम असतानाच्या शून्यावर विश्वास ठेवता आला.

कोडचं काय? चेक लाइट पेटलीच नव्हती. पी0335 हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड नंतर कधीतरी पेंडिंगमध्ये, म्हणजे लाइट न पेटवता नोंदलेल्या कोडमध्ये आला. तोही वाचून लगेच सेन्सर विकत घेऊ नका, कारण वायर घासली असेल किंवा कनेक्टरमध्ये तेल गेलं असेल तरी हाच कोड येतो. आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने आधी कनेक्टर साफ केला, मग सेन्सरचा रेझिस्टन्स गार आणि गरम असा दोनदा मोजला. गरम असताना मीटर ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली, दाखवू लागला, तेव्हाच नवा बसवला. त्यानंतर उन्हाळ्यातही घाटात गाडी थांबलेली नाही.

डोंगल नसला तरी एक खूण फुकट मिळते. गाडी गिअरमध्ये पळत असताना इंजिन बंद पडलं तर चाकं ते फिरवतच असतात. अशा वेळी आरपीएमचा काटा झटकन शून्यावर कोसळला तर सिग्नल गेला. गाडी आचके देत मंदावली आणि काटा वेगाबरोबर उतरला, तर पेट्रोलकडे बघा.

आता तक्रारी. सॉकेटमध्ये लावून ठेवला तर गाडी बंद असतानाही थोडा करंट खात राहतो. जुनी बॅटरी असेल तर आठवडाभरात सेल्फ मरगळतो. काम झालं की काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका. पेट्रोलचं प्रेशर माझ्या गाडीत दिसत नाही, त्यासाठी गेजच लावावा लागतो. इमोबिलायझर, म्हणजे चावी न ओळखता गाडी अडवणारी यंत्रणा, अडला असेल तर तेही हा सांगणार नाही, डॅशवरचा चावीचा दिवा बघा. एबीएस आणि एअरबॅगही याच्या आवाक्याबाहेर. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, वायफाय किंवा बीएलई (कमी वीज खाणारं नवं ब्लूटूथ) वाला बघा. ॲपच्या फुकट आवृत्तीतल्या जाहिराती नेमक्या सेल्फ मारताना उगवतात, ते वेगळंच.

आणि कार्ब्युरेटरची गाडी असेल तर या भानगडीत पडूच नका, तिला हे सॉकेटच नसतं.