विमानाचे इंधन: शैवाल, तळणाचे तेल की इथेनॉल?

दौंड, इंदापूर, बारामती पट्ट्यातल्या डिस्टिलरी असलेल्या साखर कारखान्याने पुढची गुंतवणूक कशात करावी, या प्रश्नासाठी हा हिशेब मांडला आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी देशाने ठेवलेले, नेहमीच्या विमान-इंधनात असे पर्यायी इंधन मिसळण्याचे उद्दिष्ट २०२७ मध्ये १, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के आहे, म्हणजे मागणी येणार. आमचे मत आधीच सांगतो: इंधन विकायचे असेल तर इथेनॉलकडे जा. शैवालात आज फक्त प्रयोगापुरता पैसा घाला.

शैवालाच्या बाबतीत प्रमाणपत्राची अडचण नाही. एएसटीएम डी७५६६ या विमान-इंधनाच्या मानकानुसार तेल-चरबीपासून हायड्रोजन वापरून केलेले इंधन ५० टक्क्यांपर्यंत मिसळता येते आणि त्यात शैवालाचे तेलही बसते. बोट्रिओकोकस ब्राऊनी या शैवालाच्या जातीच्या हायड्रोकार्बनला तर २०२० मध्ये १० टक्क्यांची वेगळी परवानगी मिळाली. अडते ते तळ्यात.

एक हेक्टरचे उघडे तळे घ्या. खोली २५ सेंटीमीटर, म्हणजे २५ लाख लिटर पाणी, आणि ते फिरते ठेवायला चक्र. दिवसाला चौरस मीटरमागे १५ ग्रॅम वाढ धरली तर रोज १५० किलो आणि ३०० दिवसांत ४५ टन सुका माल निघतो. २५ टक्के तेल म्हणजे सव्वाअकरा टन. हरितद्रव्य आणि फॉस्फरसवाला भाग काढला की साडेआठ टनांच्या आसपास उरते आणि त्यातून विमान-इंधन मिळते सुमारे साडेचार टन. एका हेक्टरची ही वर्षभराची कमाई एअरबस ए-३२० ला पुण्याहून दिल्लीला एकदा, तेही एकाच दिशेने, जेमतेम पुरते.

प्रकल्प अहवालात हमखास एक गफलत असते: २५ ग्रॅम वाढ आणि ४० टक्के तेल हे दोन्ही आकडे एकत्र गुणलेले असतात. नायट्रोजन तोडला की शैवाल तेल साठवते, पण तेव्हाच त्याची वाढ मंदावते. दोन्ही आकडे एकाच तळ्यात एकाच आठवड्यात मोजलेले आहेत का, हे आधी विचारा.

पुढचा खर्च पाणी काढण्याचा. लिटरमागे अर्धा ग्रॅम शैवाल असते, म्हणून रोजच्या १५० किलोंसाठी ३ लाख लिटर पाणी हाताळावे लागते. साका बसवून, मग सेंट्रीफ्यूज करून २० टक्क्यांचा लगदा होतो. त्यात एक किलो मालामागे अजून चार किलो पाणी असते. ते उडवायला दहा-बारा मेगाज्यूल उष्णता लागते आणि त्या किलोभर सुक्या मालात एकूण ऊर्जाच वीस-बावीस मेगाज्यूल असते. म्हणून सुकवण्याची पद्धत इंधनासाठी परवडत नाही. ओला लगदा ३०० ते ३५० अंशांवर प्रचंड दाबाखाली शिजवला तर सुकवणे टळते, पण निघणाऱ्या कच्च्या तेलात नायट्रोजन इतका उतरतो की पुढचे उत्प्रेरक लवकर मरतात.

इकडच्या हवेचाही विचार करा. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर हेक्टरी ८० हजार लिटर पाणी भरावे लागते, तेही नेमके कालव्याच्या पाळीची वाट पाहण्याच्या दिवसांत. बोअरचे पाणी भरत राहिलात तर क्षार साचतात. पावसाळ्यात एका दिवसात ६० मिलिमीटर पडला तर तळे जवळपास पाव हिश्शाने पातळ होते आणि ढगांमुळे वाढही खुंटते. रोटिफर हे शैवाल खाणारे सूक्ष्म जीव शिरले तर काही दिवसांत हिरवे तळे तपकिरी पडते, त्यामुळे रोज सकाळी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाच हवे. बंद नळ्यांमध्ये हा उपद्रव कमी होतो. पण भांडवल कितीतरी पट लागते आणि एप्रिल-मेमध्ये नळ्या थंड ठेवल्या नाहीत तर शैवाल आतच मरते.

डिस्टिलरीवाल्यांना शैवालाचा मोह पडतो तो आंबवण-टाकीतून निघणाऱ्या जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइडमुळे. दिवसाला ६० हजार लिटर क्षमतेच्या डिस्टिलरीतून तो ४५ टन निघतो. शैवाल रात्री तो घेत नाही आणि तळ्यातून निम्मा उडून जातो, त्यामुळे एवढ्यावर साधारण ४५ हेक्टर तळी चालतील. त्यांचे वर्षाचे इंधन होईल सुमारे २०० टन. त्याच डिस्टिलरीचे इथेनॉल, दोन लिटरला एक लिटर इंधन असे हात राखून धरले तरी, तेवढे इंधन नऊ दिवसांत देते. आमच्या दृष्टीने निकाल इथेच लागतो.

इथेनॉलची वाट सरळ आहे: पाणी काढून इथिलीन, इथिलीनच्या साखळ्या, मग हायड्रोजन. ४६ किलो इथेनॉलमधून जास्तीत जास्त २८ किलो इथिलीन मिळते, बाकी पाणी. गंधकाचे अंश राहिले तर उत्प्रेरक खराब होतो. खरी जोखीम कच्च्या मालाची. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध आले होते, आणि पेट्रोलमध्ये मिसळायलाही हेच इथेनॉल लागते. पाण्याचा प्रश्न उसालाही आहेच, म्हणून मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) यांचा विचार रसाच्या आधी करावा. १९ मे २०२३ रोजी पुणे-दिल्ली विमानात देशी कच्च्या मालापासून बनवलेल्या इंधनाचे मिश्रण वापरले गेले. ते बनवणाऱ्या प्राज या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे, त्यामुळे तांत्रिक सल्ला हाकेच्या अंतरावर मिळतो.

वापरलेले तळणाचे तेल तिन्हींत सर्वांत सोपे आहे, पण ते मिळते थोडेच. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही. फरसाणवाले आणि हॉटेलांकडून ते गोळा करता येते, मात्र बायोडिझेलवालेही त्याच दारात उभे असतात. मिठातले क्लोराइड यंत्राला गंजवते, म्हणून धुणे-गाळणे चोख हवे. तेलाच्या वजनाच्या ३-४ टक्के हायड्रोजन लागतो. तेव्हा कारखान्याने स्वतः इंधन न बनवता साफ केलेले तेल रिफायनरीला विकावे.

तरीही शैवाल करायचेच असेल तर आंबवण-टाक्यांशेजारी हजार चौरस मीटरचे एकच तळे बांधा आणि पूर्ण वर्ष चालवा. स्पेंटवॉश (डिस्टिलरीचे सांडपाणी) खत म्हणून द्यायचा मोह होईल, पण त्याच्या गडद रंगाने उजेड अडतो, म्हणून भरपूर पातळ करून आणि थोडाच द्या. माल स्पिरुलिना (पूरक आहार म्हणून खाल्ले जाणारे शैवाल) किंवा पशुखाद्य म्हणून विका. रोजची वाढ, भरलेले पाणी, वीज आणि शैवाल मरून तळे बंद पडलेले दिवस वहीत लिहा. पावसाळा धरून बारा महिन्यांची सरासरी १५ ग्रॅमच्या खाली आली, तर दुसरे तळे खोदू नका.